ओपॅकमध्ये पुस्तक सापडंना झालंय? चार ग्रंथालयं मिळून ग्रुप करा, तो असा

सप्टेंबर लागला की मराठवाड्यातल्या कॉलेजच्या लायब्रऱ्यांमध्ये एक ठरलेला प्रकार होतो. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणासाठी पोरं येतात, ओपॅकवर (लायब्ररीतली पुस्तकं कॉम्प्युटरवर शोधायची सोय) "मुक्तीसंग्राम" टाईप करतात आणि समोर शून्य. मग काउंटरवर येऊन म्हणतात, सर पुस्तक सापडंना झालंय. तिथला जुना अटेंडंट काही न बोलता उठतो, कपाटाकडं जातो आणि चार पुस्तकं आणून टेबलावर ठेवतो. पुस्तकं होती, कॅटलॉगमध्ये नोंदी पण होत्या, फक्त एकानं "मुक्तिसंग्राम" लिहिलंय, दुसऱ्यानं "मुक्ति संग्राम" असं तोडून लिहिलंय, तिसऱ्या नोंदीत "हैदराबादचा स्वातंत्र्यलढा" एवढंच आहे, आणि विषयाचा रकाना चौथीत कोराच आहे. म्हणजे खरा कॅटलॉग अटेंडंटच्या डोक्यात आहे आणि तो रिटायर झाला की संपला विषय.

याच्यावर सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "सॉफ्टवेअर बेकार आहे." कधीकधी असतं पण बेकार. पण एकट्या लायब्ररीनं असं म्हणून काही होत नाही. जगात जिथं जिथं हे सर्चचं सॉफ्टवेअर सुधारलंय तिथं ते वापरणाऱ्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन, नेमकं काय बिघडलंय ते लिहून, परत परत तपासून सुधारून घेतलंय. त्याला युजर ग्रुप म्हणतात. तुम्ही नुकतेच ग्रंथपाल म्हणून लागला असाल, किंवा बी.लिब. करून एखाद्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल, किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर तुमच्याच गळ्यात पडला असेल, तर असा ग्रुप कसा उभा करायचा आणि त्यातून काम कसं काढून घ्यायचं ते सांगतो.

आधी एक फरक डोक्यात ठेवा. ओपॅक म्हणजे तुमच्याच लायब्ररीच्या नोंदी शोधायची खिडकी. लायब्ररीचं सॉफ्टवेअर सोल असू द्या, ई-ग्रंथालय असू द्या, कोहा असू द्या, प्रत्येकाला ती असते. डिस्कव्हरी म्हणजे त्याच्या पुढचं, एकाच पेटीत टाईप केलं की पुस्तकं, जर्नलमधले लेख, ई-बुक, प्रबंध सगळं एकत्र शोधणारं. प्रायमो, समन, एब्स्कोचं डिस्कव्हरी, आणि फुकटातलं म्हणाल तर व्हूफाइंड, जे अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झालं. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ओपॅक वेगळा आणि इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट (कॉलेजांना ई-बुक, ई-जर्नल देणारी सोय) वेगळं, पोरांनी दोन ठिकाणी शोधायचं. डिस्कव्हरी आज नसली तरी ग्रुपचं काम तेच राहतं, कारण खराब नोंदी उचलून भारी सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तरी शून्याचं शून्यच येतं.

ग्रुपमध्ये कोण घ्यायचं

एकच सॉफ्टवेअर वापरणारी चार-पाच ग्रंथालयं पकडा. ही अट मोडू नका. कोहावाले, सोलवाले, ई-ग्रंथालयवाले सगळे एका ग्रुपात घातले की तो ग्रुप शुभेच्छांचा होतो, गुड मॉर्निंग आणि वाढदिवस. जिल्हा एकच पाहिजे असं काही नाही, लातूरचं एक, नांदेडचं एक, अंबाजोगाईचं एक, परभणीचं एक, चालतंय की.

आणि फक्त ग्रंथपाल घेऊ नका. काउंटरवर बसणारा माणूस पाहिजेच, कारण "सापडंना" हे वाक्य तोच दिवसभर ऐकतो. अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची एक-दोन पोरं घ्या, ती फोनवर शोधतात आणि त्यांना जे दिसतं ते आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. आणि सर्व्हर बघणारा कुणीतरी, मग तो कॉम्प्युटर विभागाचा लॅब असिस्टंट का असेना. व्हॉट्सअप ग्रुप बोलण्यापुरता ठीक आहे, पण त्याच्यावर तक्रारी साठवू नका, वर गेलेला मेसेज परत कुणी शोधत नसतंय. एक ऑनलाइन शीट करा, सगळ्यांना लिहिता येईल अशी.

फसलेले शोध गोळा करा

पहिला महिना दुसरं काहीच करायचं नाही. मीटिंग नाही, ठराव नाही, कंपनीला मेल नाही. काउंटरवर एक वही ठेवा किंवा ती शीटच उघडून ठेवा आणि जो शोध फसला तो लिहा. पण लिहायचं कसं याला महत्त्व आहे. वाचकानं जे टाईप केलं ते जसंच्या तसं, त्याची चूक सुधारायची नाही. चूकच तर पाहिजे आपल्याला. मग कुठं टाईप केलं, फोनवर का कॉम्प्युटरवर, शीर्षकाच्या पेटीत का सगळ्यात. काय आलं. काय यायला पाहिजे होतं, आणि ते पुस्तक कपाटात असेल तर त्याचा दाखल क्रमांक. दाखल क्रमांकाशिवायची तक्रार पुढं कुणाच्याच कामाची राहत नाही.

कोहा असेल तर अजून एक सोय आहे. लॉगिन करून शोधणाऱ्या वाचकांच्या शोधांचा इतिहास ठेवायची सेटिंग चालू असेल तर तो डेटाबेसमध्ये साठतो आणि प्रत्येक शोधाला किती निकाल आले तेही त्यात असतं. रिपोर्टमधून शून्य निकालवाले तेवढे काढा. पण काढताना वाचकाचं नाव, कार्ड नंबर उडवूनच ग्रुपात टाका. कोण काय शोधतंय ही त्याची खाजगी गोष्ट आहे. गावात तर जास्तच, तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात.

तीन ढीग करा, खरं काम इथं आहे

महिन्यानं बसा आणि प्रत्येक फसलेला शोध तीनपैकी एका ढिगात टाका. नोंदीचा दोष, सेटिंगचा दोष, सॉफ्टवेअरचा दोष. हे न करता जो ग्रुप थेट सॉफ्टवेअरवाल्यांना भांडायला जातो त्याला एकच उत्तर मिळतं की तुमचा डेटा चेक करा, आणि ते उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं म्हणून जास्त लागतं.

नोंदीचा ढीग सगळ्यात मोठा निघेल, तयारी ठेवा. वरचं मुक्तिसंग्रामचं उदाहरण त्यातलंच. ह्रस्व-दीर्घ, जोडून-तोडून, याला उपाय म्हणजे मार्कमध्ये (नोंद करायचा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक रकान्याला नंबर असतो) २४५ला पुस्तकावर छापलंय तसं शीर्षक ठेवायचं आणि २४६ला लोक ज्या रूपात शोधतात ती रूपं टाकायची. दोन्ही रूपं नोंदीत असली की दोन्ही शोध लागतात. त्यासाठी ना पैसा लागतो ना परवानगी. विषयाचे रकाने कोरे असतील तर ते भरा, आणि भरताना पाचही ग्रंथालयांनी एकच रूप वापरायचं ठरवून घ्या, नाहीतर एक "दुष्काळ" लिहिणार, दुसरा "अवर्षण", तिसरा "पाणीटंचाई", आणि वाचक मधल्या मध्ये.

जुन्या फॉन्टचा घोळ पण याच ढिगात. युनिकोड येण्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये एंट्री झाली. तो फॉन्ट मशीनवर होता तोवर मराठी दिसायचं, नवीन सॉफ्टवेअरमध्ये डेटा नेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. असल्या नोंदी शोधात कधीच येणार नाहीत. आधी कन्व्हर्टरनं बदला, मग डोळ्यानं तपासा. जोडाक्षरं हमखास बिघडतात, त्यामुळं फक्त कन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका.

आता नावांचं. आपल्या भागात हा प्रश्न जरा जास्तच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं. आता "धाराशिव जिल्ह्याचा इतिहास" शोधणाऱ्या पोराला १९८०च्या दशकातलं उस्मानाबादवरचं पुस्तक दिसायला पाहिजे का नाही? पाहिजे. म्हणून काही जण उत्साहात जुन्या पुस्तकांची शीर्षकंच बदलायलेत. असं अजिबात करू नका. शीर्षक पुस्तकावर छापलंय तेच राहतं, बदलायचा तो विषयाचा मथळा. त्यासाठी ऑथॉरिटी रेकॉर्ड, म्हणजे नावाची ठरलेली आणि पर्यायी रूपं एकत्र ठेवणारी नोंद करा, १५१ला धाराशिव, ४५१ला उस्मानाबाद, आणि पुस्तकाच्या नोंदी त्याला लिंक करा. मग कोहामध्ये "इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस" नावाची सेटिंग चालू करून परत इंडेक्स (शोधासाठीची शब्दांची यादी) केलं की जुन्या नावानं शोधा नाहीतर नव्या, पुस्तक येतं. विद्यापीठाचं थोडं वेगळं आहे. १९५८ला मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं, १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, तर आधीचे प्रबंध जुन्या नावाखाली आणि नंतरचे नव्या नावाखाली ठेवून दोन्ही नावं "हेही पहा" करून जोडायची. संस्थेची आधीची आणि नंतरची, दोन्ही नावं आपापल्या काळासाठी खरीच असतात. पाच ग्रंथालयांनी हे ऑथॉरिटी रेकॉर्ड वाटून घेतले, एकानं गावं, एकानं संस्था, एकानं संतकवी, आणि मग एकमेकांना एक्सपोर्ट करून दिले तर एकट्याचं कितीतरी काम वाचतं. ग्रुपचा पहिला रोकडा फायदा इथंच दिसतो.

सेटिंगचा ढीग छोटा पण चिवट असतो. कोहात झेब्रा नावाचं इंडेक्सिंगचं इंजिन असतं आणि ते बसवताना अक्षरं कशी वाचायची यासाठी सीएचआर का आयसीयू असा पर्याय असतो. देवनागरी नोंदी असतील तर आयसीयू पाहिजे. बसवून देणाऱ्यानं इंग्रजीपुरता विचार करून सीएचआर ठेवलं असेल तर मराठी शोध विचित्र वागतो आणि सगळे म्हणतात कोहाला मराठी येत नाही. बदललं की पूर्ण रीइंडेक्स करावं लागतं, ते रात्री लावा आणि इन्व्हर्टर चार्ज आहे का ते बघून लावा, मध्येच लाईट गेली तर परत पहिल्यापासून. शब्दाच्या पुढचा भाग आपोआप धरायची एक सेटिंग असते, क्वेरी ऑटो ट्रंकेट. मराठीला तिचा उपयोग होतो कारण "दुष्काळ" टाकल्यावर "दुष्काळाचा", "दुष्काळात" हेही यायला पाहिजे. पण "शेतकरी"वरून "शेतकऱ्यांचे" येणार नाही, तिथं मूळ शब्दच बदलतो. हे सगळं एका ग्रंथालयाच्या टेस्ट कॉपीवर करून बघा, चालू सर्व्हरवर प्रयोग नको, परीक्षेच्या दिवसात तर नकोच नको.

आता तिसरा ढीग. वरचे दोन्ही निस्तरूनही जे उरतं ते सॉफ्टवेअरचं. यातलं एक उदाहरण प्रत्येक मराठी ग्रंथपालाला माहीत पाहिजे. "शेतकऱ्यांचा" हा शब्द. यातला अर्धा र दोन पद्धतीनं टाईप होतो. काही कीबोर्ड त्याला नुक्तावाला ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडखूण कोड. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एंट्री एका पद्धतीनं झाली आणि वाचकानं फोनवर दुसऱ्या पद्धतीनं टाईप केलं की शून्य. शेतकऱ्यांच्या मुलुखात शेतकऱ्यांवरची पुस्तकंच सापडू नयेत म्हणजे कमाल आहे! "ॲक्शन"मधल्या ॲचं पण तसंच, एकसंध अक्षर वेगळं आणि "अ"वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. आणि आपल्याकडं निजामकाळातली उर्दू पुस्तकं आहेत तिथं उर्दूच्या "ये" आणि "काफ"ला अरबी कीबोर्डचा कोड वेगळा, उर्दूचा वेगळा. तपासायची युक्ती सोपी आहे, नोंदीतलं शीर्षक कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट करा, मग तेच हातानं टाईप करा. पेस्ट केलेलं सापडलं आणि टाईप केलेलं नाही, तर बहुतेक हाच प्रकार. असे दोष इंडेक्स करतानाच दोन्ही रूपं एक मानून सुटतात, आणि ते काम सॉफ्टवेअरच्या पातळीवर झालं तरच सगळ्या ग्रंथालयांना मिळतं.

तक्रार लिहायची कशी

"मराठी सर्च चालत नाही, कृपया तातडीने लक्ष द्यावे." अशा पत्राला कुणीच काही करू शकत नाही. त्याच्याऐवजी असं लिहा:

"आवृत्ती अमुक, इंजिन झेब्रा, आयसीयू. ओपॅकच्या साध्या सर्चमध्ये फोनच्या कीबोर्डवरून 'शेतकऱ्यांचा' टाईप केलं. अपेक्षित: दाखल क्रमांक अमुकची नोंद. आलं: शून्य निकाल. नोंदीतलं शीर्षक कॉपी-पेस्ट केल्यावर नोंद येते. दोन्ही रूपांचे युनिकोड कोड सोबत. तीन ग्रंथालयांत हेच झालं."

शेवटचं वाक्य ग्रुपशिवाय लिहिता येत नाही आणि वजन त्यालाच आहे. एका ठिकाणी झालं तर तुमचा सर्व्हर खराब असेल असं म्हणता येतं, तीन वेगळ्या गावांत, तीन वेगळ्या लोकांनी बसवलेल्या सर्व्हरवर तेच झालं तर तसं म्हणता येत नाही. एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. पाच दुखणी एकत्र लिहिली की पाचही अर्धवट राहतात.

पाठवायची कुठं

कोहाचं सगळं उघड्यावर चालतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी ते बनलं, २००० च्या जानेवारीत सुरू झालं, आणि आज जगभरची ग्रंथालयं मिळून ते चालवतात. त्यांची जागतिक परिषद, कोहाकॉन, २०११ मध्ये आपल्या ठाण्यात झाली होती, म्हणजे हे काही सातासमुद्रापलीकडचं प्रकरण नाही. दोष नोंदवायला बगझिला आहे, खातं फुकट, लिहायचं इंग्रजीत, पण इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आधी शोधून बघा, तोच दोष कुणी नोंदवलाय का. असेल तर नवीन न टाकता त्याच्यातच तुमचं उदाहरण जोडा.

पुढं काय होतं हे नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. कुणीतरी दुरुस्तीचा कोड लिहितो. तो तपासून "साइन ऑफ" द्यावं लागतं आणि ते कोड लिहिणाऱ्यानं स्वतः द्यायचं नसतं, दुसऱ्यानं द्यायचं. त्यानंतर क्वालिटीवाली टीम बघते, मग रिलीज मॅनेजर ते मुख्य कोडमध्ये घेतो. नवी मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबर. आता यातली साइन ऑफची पायरी प्रोग्रामर नसलेला ग्रंथपालपण करू शकतो. सॅंडबॉक्स म्हणून तयार सर्व्हर मिळतात, ब्राउजरमध्ये दुरुस्ती लावायची, दिलेल्या पायऱ्या करून बघायच्या, चाललं तर साइन ऑफ. बरेच पॅच (दुरुस्तीचे कोड) निव्वळ कुणी तपासलं नाही म्हणून पडून राहतात. मराठीशी संबंधित दुरुस्ती तपासायला मराठी वाचणारा माणूस लागतो, तो जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये कुठून मिळणार? तुमच्या ग्रुपनं हे एक काम धरलं तरी पुष्कळ झालं.

विकतच्या सॉफ्टवेअरचा रस्ता वेगळा. प्रायमो आणि अल्मा ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या एक्स लिब्रिसच्या ग्राहकांच्या दोन मोठ्या संघटना आहेत, उत्तर अमेरिकेची एलुना आणि आंतरराष्ट्रीय आयगेलू. सदस्य ग्रंथालयं सुधारणा मागतात, त्यावर मतदान होतं, आणि वर आलेल्या मागण्यांवर कंपनी काम करते. त्यांच्याकडून शिकण्यासारखं म्हणजे मतं मोजून मिळतात. आपल्या ग्रुपातपण तसंच करा, प्रत्येक ग्रंथालयाला थोडेच गुण द्या, वाटायचे तसे वाटा. असं नाही केलं तर सगळंच "अतिमहत्त्वाचं" होतं आणि मोठ्या कॉलेजचा ग्रंथपाल जे म्हणेल तेच पुढं जातं.

डिस्कव्हरीत अजून एक भानगड असते. लेख सापडत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचाच असतो असं नाही, कधीकधी प्रकाशकानं त्याची माहितीच इंडेक्सला दिलेली नसते. या पारदर्शकतेसाठी अमेरिकेतल्या नायसो या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ओपन डिस्कव्हरी इनिशिएटिव्ह म्हणून २०१४ला शिफारशी काढल्या, २०२०ला सुधारल्या. विद्यापीठ डिस्कव्हरी घेत असेल तर विक्रेत्याला विचारायला सांगा की या शिफारशींप्रमाणं तुमचं निवेदन कुठंय.

सोल इन्फ्लिबनेटचं आहे, ई-ग्रंथालय एनआयसीचं. दोन्ही सरकारी, कोड आपल्या हातात नाही, त्यामुळं त्यांच्या मदत केंद्राकडं ग्रुपची एकत्र यादी पाठवा, उदाहरणांसकट, प्राचार्यांच्या सह्या घेऊन. वेगवेगळ्या दहा फोनपेक्षा दहा कॉलेजांचं एक पत्र बरं. आणि ट्रेनिंग असेल तिथं यादीची प्रिंट घेऊन जा, समोर बसून दाखवलेलं लवकर कळतं.

अपग्रेडच्या आधी आणि नंतर

फसलेल्या शोधांमधून वीस-पंचवीस निवडा आणि ग्रुपची कायमची चाचणी यादी करा. प्रत्येकासमोर कोणती नोंद यायलाच पाहिजे ते लिहा. माझ्या मते ग्रुपकडं दुसरं काही नसलं तरी ही यादी पाहिजे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आधी एकाच ग्रंथालयाच्या टेस्ट कॉपीवर ती यादी चालवा, काय सुधारलं, काय नवीन बिघडलं ते शीटमध्ये मांडा, मग बाकीच्यांनी अपग्रेड करायचं. नॅकच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात अपग्रेड करायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

यादीत सगळे प्रकार येऊ द्या: ह्रस्व-दीर्घाची चूक, जुनं गावनाव, अर्धा र, आडनाव आधी लिहिलेला लेखक, इंग्रजी अक्षरांत टाईप केलेलं मराठी. हे शेवटचं विसरू नका. ज्ञानेश्वर लिहिताना कुणी डी-एन-वाय लावतं, कुणी जे-एन, कुणी जी-वाय, आणि पोरं फोनवर असंच शोधतात. रोमन रूप नोंदीत टाकायची सोय मार्कमध्ये ८८०ला आहे, पण तिन्ही स्पेलिंग तुम्हीच ठरवून ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये पर्यायी नावं म्हणून टाकली तर जास्त उपयोग होतो.

पहिल्या बैठकीला भाषणं ठेवू नका, हारतुरे तर अजिबात नाही. प्रत्येकानं तीन गोष्टी घेऊन यायच्या: आपल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि इंजिन कोणतं ते लिहिलेला कागद, महिन्याभराची फसलेल्या शोधांची यादी, आणि काउंटरवरचा एक माणूस. लॅपटॉपवर एकाचा ओपॅक उघडा, दुसऱ्याच्या यादीतला पहिला शोध त्यात टाकून बघा, आणि तिथून सुरुवात करा.